दोनदा केलेली दुरुस्ती

"हात!"

एवढंच ऐकू आलं, आणि कुणीतरी माझं मनगट घट्ट धरलं.

सोमवार, सकाळचे साडेदहा. वेधशाळेच्या तळमजल्यावरचं वर्कशॉप. खिडकीवर जाड पडदा ओढलेला, खोलीत अर्धवट अंधार, आणि टेबलावर एक छोटा पंखा. बंद. पाती स्वच्छ दिसत होती – चार, काळी, त्यातल्या एकाची कड किंचित तुटलेली. ती कड बघायला मी बोट पुढे केलं होतं...

"तो चालू आहे," मनगट धरणारा म्हणाला.

"कुठे चालू आहे? पाती दिसतायत की मला!"

"मनगट सोडलं तर बोट घालणार नाही ना?"

"नाही हो."

त्याने मनगट सोडलं, पंख्यासमोरचा दिवा बंद केला आणि पडदा सरकवला. पाती गायब! टेबलावर नुसतं करडं, गरगरतं धुकं. आता कुठे मला चेहऱ्यावरचा वारा जाणवला. इतका वेळ मी रागात होते, आणि रागात असले की मला वारा, भूक, तहान काही कळत नाही.

"दिवा सेकंदाला तीस वेळा उघडझाप करत होता," तो म्हणाला. "पंखाही तीसच वेळा फिरतोय. दर वेळी पातं त्याच जागी आलं की उजेड पडतो, म्हणून ते उभं दिसतं."

"तीस? तीसच का?"

"रॅकमधली यंत्रं गार ठेवायला तेवढा वेग लागतो. का हो, तीसमध्ये काय विशेष?"

विशेष होतं. माझा ताराही सेकंदाला तीस वेळाच फिरतो.

तारा म्हणजे पल्सर. एका मोठ्या ताऱ्याचा स्फोट झाल्यावर मागे उरलेला, एखाद्या शहराएवढा, पण सूर्याहून जड गोळा. फिरता फिरता त्याच्या उजेडाचा झोत आपल्यावरून जातो, दीपगृहाचा जातो तसा. आधी एक उंच झोत, मग एक बुटका, मग थोडा अंधार, की पुन्हा उंच. मला शोध घ्यायचा होता तो त्या अंधाराचा. दोन झोतांच्या मध्ये तो पूर्ण विझतो, की थोडासा उजेड मागे राहतोच? आणि राहत असेल तर तो कुठून येतो? गेली दोन वर्षं मी हा प्रश्न उशाशी घेऊन झोपत होते. घरी मला 'चौकशी खिडकी' म्हणतात ते उगाच नाही.

पण त्या सोमवारी मी प्रश्न घेऊन नव्हे, भांडण घेऊन खाली उतरले होते.

"मला घड्याळवाल्यांना भेटायचंय," मी म्हणाले. "दुर्बिणीचं घड्याळ सांभाळतात ना, ते. झोपा काढतात बहुतेक. माझ्या दोन रात्रींची निरीक्षणं पार पाण्यात गेली त्यांच्यामुळे."

"अरेरे."

"अरेरे काय! उजेडाच्या एकेका कणाची वेळ नोंदवतो आम्ही. घड्याळ जरा हललं की संपलं सगळं. कुठे बसतात हे गृहस्थ?"

"इथेच," तो म्हणाला. "झोपा काढत असतो."

त्याच्या डोळ्यांत हसू होतं, पण ओठांवर नव्हतं. माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. मी तिथून जायला हवं होतं... पण मी पंख्याकडे बोट केलं आणि विचारलं, "तो दिवा जरा हळू केला तर काय होतं?"

त्याने पडदा पुन्हा ओढला, दिवा लावला आणि त्याचं बटण माझ्या हातात दिलं. मी ते केसभर फिरवलं. उभी पाती हळूच सरकायला लागली – एकामागून एक, सावकाश, शतपावली करत असल्यासारखी. मी मग बटण उलटं फिरवलं, तर पाती उलटी चालायला लागली. पाच मिनिटं मी तेच करत होते, आणि त्याने एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही.

मग मी भानावर आले आणि माझी रडकथा सांगितली. तारा एका फेरीत डोळ्याला दिसेल इतका उजेड देत नाही, म्हणून आम्ही लाखो फेऱ्या एकमेकींवर रचतो. लांबच लांब कापडाची घडी घालावी, तशी. घडी अचूक बसली की प्रत्येक फेरीतला उंच झोत उंच झोतावर पडतो आणि चित्र उमटतं. माझ्या घडीतून काय उमटलं होतं? सपाट रेघ. पाच तासांच्या निरीक्षणातून, सपाट रेघ.

"गुरुवारी अकराला समितीची बैठक आहे," मी म्हणाले. "पुढच्या आठवड्यात माझ्या आणखी दोन रात्री आहेत. तोवर झोत दाखवता आला नाही तर त्या धूमकेतूवाल्यांना जाणार. नंतर माझा तारा सूर्याच्या मागे जातो, आणि तो परत येईपर्यंत माझी शिष्यवृत्ती संपते. कळलं? म्हणून झोपा वगैरे म्हणाले."

तो आता हसत नव्हता. "बसा," म्हणाला. "घड्याळ तपासू. चुकलं असेल तर मी तसं लिहून देईन."

त्याने सोमवार दुपार आणि अख्खा मंगळवार त्या घड्याळात घातला. उपग्रहावरून येणाऱ्या वेळेशी ताडून पाहिलं, वायर बदलून पाहिली, वायरची लांबीसुद्धा मोजली. मी शेजारी स्टुलावर बसून दर दोन मिनिटांनी "हे काय?" विचारत होते. मी असं विचारायला लागले की लोक पहिल्या तासात मोबाइल काढतात. हा मात्र हातातलं काम खाली ठेवून, माझ्याकडे वळून उत्तर द्यायचा. एकदा मी विचारलं, "वायर लांब असली तर वेळ चुकते?" तर तो म्हणाला, "चुकते ना. एक मीटरला साधारण पाच नॅनोसेकंद," आणि ती पाच नॅनोसेकंद त्याने अशा मायेने उच्चारली की मला उगाचच त्याच्या बोटांकडे बघावंसं वाटलं. लांब, शांत बोटं. तर्जनीवर सोल्डरचा जुना चटका.

मंगळवारी संध्याकाळी घड्याळ निर्दोष सुटलं. फरक सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापेक्षाही कमी.

"सॉरी," मी म्हणाले.

"कशाबद्दल? माझ्या घड्याळाची इतकी चौकशी आजवर कुणी केली नव्हती. खूश आहे ते."

"ते, की..."

वाक्य माझ्या तोंडून अर्धं निसटलं. त्याने वायरचं भेंडोळं उचललं, गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. मी पर्स उचलून पळ काढला.

घरी जेवताना वहिनीने आमटी वाढता वाढता दादाकडे बघून म्हटलं, "ऐकलंत? तुमच्या बहिणीचा तारा हरवलाय, आणि आज ती सात वेळा 'घड्याळवाला' म्हणाली."

"वहिनी!"

"मी मोजलं ना. ताऱ्याचं नाव दोनदाच निघालं."

दादाने गंभीर चेहरा करून विचारलं, "घड्याळ वेळेवर आहे ना पण?" आणि दोघंही फिदीफिदी हसत सुटली. मला राग यायला हवा होता. त्याऐवजी मी आठवत बसले, खरंच सात वेळा?

बुधवारी सकाळपासून बारीक पाऊस लागला होता. वर्कशॉपच्या खिडकीवर थेंबांच्या रेघा ओघळत होत्या आणि खोलीला ओल्या मातीचा आणि गरम सोल्डरचा मिळून एक वास येत होता. घड्याळ बरोबर होतं, म्हणजे मला खाली जायचं काहीच कारण नव्हतं. मी लॅपटॉप घेऊन खाली गेले.

"वर रेंज येत नाही," मी सांगितलं.

"हो का? इथे तर अजिबातच येत नाही," तो म्हणाला आणि स्टूल पुसून पुढे सरकवलं.

पंखा आता रॅकमध्ये बसवलेला होता. त्याच्याकडे बघता बघता मला बटण आठवलं. केसभर फिरवलं होतं आणि पाती चालू लागली होती... मी ताडकन उठले.

"ऐका! पाती सरकत असताना कुणी कॅमेऱ्याची झडप पाच तास उघडी ठेवली, तर फोटोत काय दिसेल?"

"धुकं," तो म्हणाला. मग त्याचेही डोळे मोठे झाले. "सपाट धुकं."

"आणि दहाच सेकंद उघडली तर?"

"तर पातं दिसेल. जरासं पसरट, पण दिसेल."

ताऱ्याचा फिरण्याचा काळ कितीतरी दशांश स्थळांपर्यंत ठाऊक असतो. त्यामुळे मी तो छापील आकडा घेतला, त्याच्या अगदी जवळपास थोडं चाचपडलं आणि घडी घातली. आपला आकडा लांबवर चुकत असेल ही शंकासुद्धा मला शिवली नव्हती. जगाला प्रश्न विचारणारी मी, स्वतःला एकही विचारला नव्हता.

पाच तासांचे मी दहा-दहा सेकंदांचे तुकडे केले. पहिला तुकडा पडद्यावर आला. काटेरी, खरखरीत... पण मध्येच एक उंचवटा. पलीकडे एक बुटका.

"हाच?" तो कुजबुजला.

"हाच."

पुढचा तुकडा. उंचवटा थोडा उजवीकडे. त्याच्या पुढचा, आणखी उजवीकडे. माझा तारा चालत होता! आमची डोकी लॅपटॉपवर इतकी जवळ आली होती की त्याचा श्वास माझ्या कानाशी ऐकू येत होता. माझा मला तर येतच नव्हता.

"किती वेगाने चालतोय?" त्याने विचारलं. पहिल्यांदाच प्रश्न त्याचा होता.

मी हिशोब केला. असं सरकायला काहीतरी सेकंदाला सव्वीस किलोमीटरने पळायला हवं. एवढ्या वेगाने कोण पळतं? पृथ्वी पळते, सूर्याभोवती! म्हणून तर आम्ही प्रत्येक कणाची वेळ दुरुस्त करतो – आपण पृथ्वीवर नसून सूर्यमालेच्या मध्यावर शांत बसलो आहोत असं धरून. मी तारखेवरून तपासलं. त्या दोन्ही रात्री पृथ्वीचा ताऱ्याच्या दिशेचा वेग बरोब्बर सव्वीस.

"म्हणजे दुरुस्ती करायची राहिली," तो म्हणाला. त्याचा आवाज जरा विचित्र लागला.

"नाही ना! मी केलीय. आणि गंमत बघा, राहिली असती तर उंचवटा डावीकडे सरकला असता. हा उजवीकडे चाललाय. म्हणजे..." मी बोटांवर हिशोब केला. "म्हणजे दुरुस्ती दोनदा झालीय! एकदा मी केली. मग दुसऱ्यांदा कुणी?"

मी वळून पाहिलं. त्याचे कान लालभडक झाले होते.

तो उठला, कपाटातून दुर्बिणीची नोंदवही काढून माझ्यासमोर उघडली. तीन आठवड्यांपूर्वीची तारीख, सुबक अक्षर: 'प्रकाशकणांच्या वेळेला पृथ्वीच्या गतीची दुरुस्ती आजपासून नोंदणी यंत्रातच होईल.' आणि त्याखाली, 'वरील नोंदी वाचल्या' असं छापलेल्या ओळीवर, निरीक्षकाची सही.

माझी सही. झोकदार. न वाचता केलेली.

"मी कुणाला विचारलं नव्हतं," तो खाली बघत म्हणाला. "तुम्ही कँटीनमध्ये कुणाला तरी सांगत होतात... त्या दुरुस्तीत प्रत्येक वेळी अर्धा दिवस जातो, वैताग येतो म्हणून. मी मागच्या टेबलावर होतो. म्हटलं, यंत्रातच करून टाकू. तीन रविवार लागले. नोंदीखाली सही दिसली, म्हणून तुम्हाला कळलंय असंच धरून चाललो."

"तीन रविवार?"

"तुमचं काम वाचावं म्हणून. आणि तुमच्या दोन रात्री घालवल्या."

मला त्याच्यावर चिडायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात प्रश्नच उभा राहिला – हे त्याला जमलं कसं? मी माझी दुरुस्ती काढून टाकली, फक्त त्याची ठेवली, आणि पाचही तासांची घडी पुन्हा घातली. पडद्यावर रेघ उमटायला लागली. आधी जमिनीसारखा सपाट भाग. मग एक टोकदार, देखणा, उंच झोत. मग उतार. मग बुटका. सुरीने कापल्यासारख्या कडा.

"तुमची दुरुस्ती माझ्यापेक्षा नेमकी आहे," मी म्हणाले आणि उगाचच चष्मा पुसला.

"आणि मधला अंधार?" त्याने हळूच विचारलं. "तो विझतो का?"

त्याला माझा प्रश्न ठाऊक होता! मी रेघेच्या सर्वांत खालच्या भागावर बोट ठेवलं. शून्यावर नव्हती ती. जराशी वर होती. "काहीतरी आहे. ताऱ्याचंच, की स्फोटातून उरलेल्या भोवतीच्या ढगाचं, हे एवढ्यावरून नाही सांगता येणार. त्यासाठीच त्या दोन रात्री हव्यात."

बाहेर पाऊस जोरात आला. आम्ही दोघं त्या जराशा वर असलेल्या रेघेकडे पाहत बसलो.

"उद्या समितीला खरं कारण लिहून द्या," तो शेवटी म्हणाला. "प्रोग्रॅममध्ये चूक होती, असं मोघम नको. मी परवानगीशिवाय बदल केला, असंच लिहा."

"तुम्हाला दुर्बिणीवरून काढतील."

"काढू देत. कारण मोघम असलं तर आकड्यांवर विश्वास कोण ठेवेल?"

गुरुवारी अकराला मी समितीसमोर उभी राहिले. टेबलाच्या टोकाला अध्यक्ष, शेजारी माझ्या मार्गदर्शक मॅडम, भिंतीलगतच्या खुर्चीत घड्याळवाला, पांढरा शर्ट, बाह्या खाली ओढलेल्या. मी रेघ दाखवली. मग दोन्ही चुका वाचल्या – त्याची आणि माझी. सही मी न वाचता केली हे सांगताना मॅडमनी कपाळाला हात लावला.

अध्यक्षांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "काम उत्तम केलंय तुम्ही. पण एवढा बदल कुणाला न विचारता? ज्यांच्यासाठी केलात, निदान त्यांना तरी विचारायचं होतं."

"गेलो होतो विचारायला," तो उभा राहत म्हणाला. "तीनदा. दारापर्यंत गेलो."

"मग?"

"विचारायचं एक असायचं, आणि तोंडाशी दुसरंच यायचं. म्हणून परत फिरलो."

शहाण्या मुलीने त्या क्षणी खाली बघितलं असतं. पण मला कुणी प्रश्न अर्धा सोडला की राहवत नाही.

"दुसरं काय यायचं?" मी विचारलं.

"अगं..." मॅडम पुटपुटल्या.

त्याने माझ्याकडे पाहिलं. ते पाच नॅनोसेकंदवाले शांत डोळे. "तुम्ही मला आवडता, हे," तो म्हणाला. "दोन वर्षांपासून."

अध्यक्ष खोकले. मॅडमनी पेन उचललं, खाली ठेवलं, आणि कुणाकडेही न बघता म्हणाल्या, "इतिवृत्तात एवढं घ्यायला नको. 'संकोचामुळे विचारणा झाली नाही' असं लिहू या."

निर्णय पंधरा मिनिटांत झाला. माझ्या दोन्ही रात्री मंजूर. मला नोंदवहीबद्दल लेखी समज. आणि त्याला महिनाभर दुर्बिणीकडे फिरकायला मनाई.

तो माझ्याआधी बाहेर पडला होता. मी फाइल कवटाळून धावले आणि जिन्याच्या वळणावर त्याला गाठलं. दम लागला होता.

"मी तिथे नको होतं बोलायला," तो घाईने म्हणाला. "तुमची बैठक होती. तुम्हाला अवघडल्यासारखं... तुम्ही विचारलंत आणि मी..."

"माझ्या दोन रात्री मिळाल्या," मी म्हणाले.

"हो. अभिनंदन."

"आणि त्या दोन्ही रात्री तुम्ही तिथे नसणार."

"नाही."

"मला त्याचं फार वाईट वाटतंय. किती वाईट, हे मी आत्ताच जिना उतरताना तपासलं. रात्री मिळाल्याच्या आनंदाहून जास्त निघालं." मी दम घेतला. "मलाही तुम्ही आवडता. दोन वर्षांपासून नाही. तेवढी मी हुशार नाही. सोमवारपासून."

त्याने माझ्या हातातली फाइल घेतली, कठड्यावर ठेवली, आणि माझा हात हातात घेतला. या वेळी घट्ट नाही, अगदी अलगद... विचारत असल्यासारखा.

"पुढचा महिनाभर मला संध्याकाळचं काही काम नाही," तो म्हणाला. "समितीने लेखी दिलंय तसं."

मी खूप हसले. जिन्यावरून दोन माणसं वर गेली, वळून बघत गेली. मी हात सोडवला नाही.

"मग दोन वर्षांचं पहिल्यापासून सांगा," मी म्हणाले. "आणि काही गाळायचं नाही. मी मध्ये मध्ये प्रश्न विचारणार आहे."